घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर गाण्यांचा एकच साठा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी दोन लॅपटॉप, एक जुना डेस्कटॉप, एक मॅक आणि हॉलमधला टीव्ही आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत प्रत्येकावर थोडी थोडी गाणी होती. काही दोनदा, काही तीनदा, आणि हवं ते गाणं नेमकं दुसऱ्या खोलीतल्या मशीनवर. आता सगळी गाणी एकाच ठिकाणी राहतात आणि घरात कुठूनही वाजतात. हे कसं केलं, असं नातेवाईक आणि सोसायटीतले लोक विचारत राहतात. त्यांचे प्रश्न आणि मी दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हल्ली सगळं ऑनलाइन ऐकायला मिळतं. मग हा खटाटोप कशासाठी?

जे ऑनलाइन नाही त्यासाठी. वडिलांनी ऐंशीच्या दशकात आजीच्या ओव्या एका साठ मिनिटांच्या कॅसेटवर टेप केल्या होत्या. मागे जात्याची घरघर आहे, मध्येच कुणीतरी दार वाजवतं, आणि आजी न थांबता तीच ओळ पुन्हा धरते. हे जगात फक्त आमच्या घरी आहे. बऱ्याच घरांत असं काही ना काही असतं: गणेशोत्सवातल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण, आत्याच्या गाण्याच्या परीक्षेची तालीम, पुन्हा कधीच बाजारात न आलेल्या कॅसेटा. शिवाय ऑनलाइन सेवांवरून गाणी न सांगता निघून जातात. आज यादीत असलेला अल्बम उद्या करड्या अक्षरांत दिसतो आणि वाजत नाही.

‘शेअर करणं’ म्हणजे नेमकं काय?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते, आणि पुढच्या निम्म्या अडचणी तिच्यातूनच येतात. एक असतात गाण्यांच्या फाइली. दुसरी असते त्या फाइलींची सूची: कोणतं गाणं कोणाचं, कुठल्या अल्बममधलं, किती वेळा ऐकलं, प्लेलिस्ट कोणत्या. ग्रंथालयात पुस्तकं वेगळी आणि नोंदवही वेगळी, तसंच हे.

नुसता फोल्डर शेअर केला तर फाइली सगळ्यांना मिळतात, सूची ज्याची त्याला करावी लागते. सर्व्हर, म्हणजे एका मशीनवरून बाकी सगळ्यांना गाणी पुरवणारा प्रोग्रॅम, बसवला तर सूचीही एकच राहते. फाइलींच्या प्रती सगळ्या कॉम्प्युटरांवर ठेवणं हा तिसरा मार्ग आहे, पण तो मी सुचवणार नाही. वर्षभरात कुठली प्रत ताजी आहे हेच कळेनासं होतं.

गाणी कुठल्या कॉम्प्युटरवर ठेवावीत?

जो कायम चालू ठेवता येईल आणि घराबाहेर जात नाही, त्यावर. ऑफिसला नेण्याच्या लॅपटॉपवर साठा ठेवला तर तुम्ही बाहेर पडलात की घरातलं गाणं बंद.

जुना डेस्कटॉप चालतो, पण विजेचा हिशेब करा. नुसता चालू ठेवलेला जुना डेस्कटॉप साधारण ६० वॅट ओढतो असं धरलं, तर वर्षाला सव्वापाचशे युनिट होतात. रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा कॉम्प्युटर ५ वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे वर्षाला ४४ युनिट. आम्ही पहिलं वर्ष डेस्कटॉपवर काढलं आणि मग पायवर आलो. पायवर येताना दोन पथ्यं पाळा. गाणी मेमरी कार्डावर नव्हे, बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल तर तिला स्वतःचा वीजपुरवठा द्या किंवा अ‍ॅडाप्टरवाला यूएसबी हब लावा. पायच्या यूएसबीतून मिळणारी वीज अशा डिस्कला कधीकधी पुरत नाही, आणि मग डिस्क गाणं चालू असतानाच गायब होते.

विंडोजवर फोल्डर शेअर केला, पण पासवर्ड विचारतो आणि माझा पिन घेत नाही.

घेणारच नाही. कॉम्प्युटर उघडताना टाकता तो चार-सहा आकडी पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो. नेटवर्कवरून येताना खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि मायक्रोसॉफ्ट खातं वापरत असाल तर त्या खात्याचा. बऱ्याच जणांना तो आठवतही नाही.

सोपा उपाय म्हणजे गाणी असलेल्या मशीनवर एक वेगळा स्थानिक युजर तयार करा. आमच्याकडे त्याचं नावच ‘गाणी’ आहे. त्याला साधा पासवर्ड द्या, गाण्यांच्या फोल्डरवर त्याला फक्त वाचण्याची परवानगी द्या, आणि घरातल्या बाकी कॉम्प्युटरांवर तेच नाव-पासवर्ड एकदा टाकून ‘लक्षात ठेव’वर खूण करा. विंडोजमध्ये परवानग्या दोन जागी असतात, एक ‘शेअरिंग’मध्ये आणि एक ‘सिक्युरिटी’मध्ये. दोन्हींत जी जास्त कडक ती लागू होते. एकीकडे मोकळं आणि दुसरीकडे बंद असेल तर फोल्डर दिसतो पण उघडत नाही.

‘होमग्रुप’ शोधत बसू नका. ती सोय विंडोज १० मधून २०१८ सालीच काढून टाकली आहे.

नेटवर्कमध्ये दुसरा कॉम्प्युटर दिसतच नाही.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तर सविस्तर.

आधी विंडोजचं नेटवर्क ‘पब्लिक’ आहे की ‘प्रायव्हेट’ ते पाहा. नवं वायफाय जोडलं की विंडोज बहुधा ते पब्लिक धरतं आणि कॉम्प्युटर स्वतःला लपवतो. घरच्या वायफायला प्रायव्हेट करा.

मग दोन्ही कॉम्प्युटर खरोखर एकाच नेटवर्कवर आहेत का ते तपासा. आपल्याकडे इथेच घोळ होतो. फायबर कनेक्शन देणारा स्वतःचा डबा बसवून जातो, त्याचं वायफाय आतल्या खोलीत पोचत नाही, म्हणून आपण बाजारातून दुसरा राऊटर आणून त्याला जोडतो. आता घरात दोन राऊटर झाले, आणि दोघंही आपापल्या परीने पत्ते वाटतात. हॉलमधल्या लॅपटॉपचा आयपी पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होतो, आतल्या खोलीतल्याचा १९२.१६८.० ने. इंटरनेट दोघांना मिळतं, त्यामुळे शंका येत नाही. पण एकमेकांच्या दृष्टीने ते दोन वेगळ्या घरांत असतात. आमच्याकडे कनेक्शन बसवायला आलेल्या मुलाने नेमकं हेच केलं होतं, आणि मी दोन रविवार विंडोजच्या सेटिंगमध्ये चूक शोधत घालवले. दुसरा राऊटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’मध्ये टाकला आणि पाच मिनिटांत सगळं दिसायला लागलं. तो मोड नसेल तर दुसऱ्या राऊटरचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, बंद करा, त्याला त्याच रांगेतला मोकळा पत्ता द्या, आणि पहिल्याकडून येणारी वायर त्याच्या ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’च्या भोकात लावा.

पाहुण्यांसाठीचं ‘गेस्ट’ वायफायही तपासा. त्यावरची यंत्रं एकमेकांना दिसू नयेत हाच त्याचा उद्देश असतो. काही राऊटरांत ‘एपी आयसोलेशन’ नावाची खूण असते, ती मुख्य वायफायवर चालू असेल तरी तोच परिणाम होतो.

एवढं करूनही नाव दिसत नसेल तर नाव सोडा, थेट पत्ता वापरा. फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे त्या मशीनचा आयपी पत्ता इंग्रजी आकड्यांत लिहिला की फोल्डर उघडतो. मात्र तो पत्ता बदलता कामा नये. राऊटरमध्ये ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ असतं, तिथे गाण्यांच्या मशीनला कायमचा पत्ता बांधून द्या. हे एक काम केलं तर पुढे निम्मी डोकेदुखी येत नाही.

जुने मीडिया प्लेअर किंवा जुनी नेटवर्क डिस्क चालावी म्हणून कुणी ‘एसएमबी १’ ही फोल्डर शेअर करण्याची जुनी पद्धत चालू करायला सांगितलं तर करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं व्हायरस पसरलं ते याच जुन्या पद्धतीतल्या भोकातून.

आमच्याकडे मॅक आहेत. त्यात ही सोय आधीच असते ना?

असते. आयट्यून्समध्ये २००९ साली ‘होम शेअरिंग’ आलं आणि २०१९ नंतरच्या मॅकमध्ये आयट्यून्सची जागा म्युझिक अ‍ॅपने घेतली तरी ते टिकून आहे. सिस्टीम सेटिंगमधल्या ‘शेअरिंग’मध्ये ‘मीडिया शेअरिंग’ चालू करायचं. सगळीकडे एकच अ‍ॅपल खातं हवं, आणि पाच कॉम्प्युटरांची मर्यादा आहे. गाणी असलेला मॅक जागा असला पाहिजे आणि त्यावर म्युझिक अ‍ॅप उघडं असलं पाहिजे. मॅक झोपला की साठाही झोपला. दोन-तीन मॅक आणि एकच कुटुंब असेल तर यापेक्षा सोपं काही नाही. घरात विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड अशी सरमिसळ असेल तर मात्र पुढे वाचा.

दोन कॉम्प्युटरांवरून एकच आयट्यून्स लायब्ररी उघडली तर?

गाण्यांच्या फाइली शेअर फोल्डरमध्ये ठेवायला हरकत नाही. सूचीची फाइल, म्हणजे लायब्ररी, दोन कॉम्प्युटरांवरून एकाच वेळी उघडू नका. दोघंही तिच्यात लिहायला जातात आणि ती बिघडू शकते. वर्षानुवर्षं बांधलेल्या प्लेलिस्ट अशाने जातात. आणखी एक: फाइली शेअर फोल्डरमध्येच राहायच्या असतील तर ‘गाणी जोडताना मीडिया फोल्डरमध्ये कॉपी करा’ ही खूण आधी काढा, नाहीतर प्रत्येक मॅक आपली वेगळी प्रत करून ठेवेल.

टीव्हीवर कसं ऐकायचं?

डीएलएनए, म्हणजे घरातल्या यंत्रांनी एकमेकांवरची गाणी आणि व्हिडिओ वाजवण्याची ठरलेली पद्धत. बहुतेक स्मार्ट टीव्हींना ते कळतं. विंडोजमध्ये ‘मीडिया स्ट्रीमिंग’ चालू केलं, किंवा पायवर मिनीडीएलएनए बसवलं, की टीव्हीच्या यादीत साठा दिसतो. शोध घेण्याची सोय यथातथा असते आणि देवनागरी नावांऐवजी काही टीव्ही चौकोन दाखवतात. टीव्हीवर यूट्यूबसारखं नीटनेटकं काही हवं असेल तर जेलीफिन बसवा. ते फुकट आहे, आणि गाण्यांबरोबर घरचे व्हिडिओही दाखवतं.

तुम्ही स्वतः काय वापरता?

नॅव्हिड्रोम नावाचा गाण्यांचा सर्व्हर. ते मुक्त आणि फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि छोट्याशा पायलाही त्याचं ओझं होत नाही. एकदा बसवलं की घरातल्या कुठल्याही ब्राउझरमध्ये त्या मशीनचा पत्ता, मग विसर्गासारखं चिन्ह आणि ४५३३ हा आकडा टाकायचा. लॉगिन केलं की गाणी समोर. बाकी कॉम्प्युटरांवर काहीच बसवावं लागत नाही, हे मला सगळ्यात आवडलं.

घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं करता येतं. आईच्या आवडत्या गाण्यांवरची चांदणी तिच्या खात्यात राहते, मुलीच्या प्लेलिस्ट मुलीच्या. पहिल्यांदा उघडणाऱ्याचं खातं व्यवस्थापकाचं होतं, म्हणून पहिलं लॉगिन तुम्हीच करा. बसवताना गाण्यांचा फोल्डर त्याला ‘फक्त वाचण्यासाठी’ द्या. त्याला फाइलींत काही लिहायची गरज नसते.

ते ‘सबसॉनिक’ नावाची जुनी बोली बोलतं, त्यामुळे ती बोली समजणारं कुठलंही अ‍ॅप त्याला जोडता येतं. अँड्रॉइडवर सिम्फोनियम आहे, ते विकत घ्यावं लागतं आणि पैसे वसूल होतात. आयफोनवर अ‍ॅम्परफाय. कॉम्प्युटरवर वेगळं अ‍ॅपच हवं असेल तर फेशिन किंवा सुपरसॉनिक.

एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या. नॅव्हिड्रोम गाणी फोल्डरांच्या नावांवरून लावत नाही, फाइलीच्या आत लिहिलेल्या टॅगांवरून, म्हणजे गायक, अल्बम, गाण्याचं नाव अशा नोंदींवरून लावतं. तुमचे फोल्डर कितीही सुबक असोत, टॅग रिकामे असतील तर सगळी गाणी ‘अज्ञात कलाकार’ या एका पोत्यात जातात. म्हणून पुढचा प्रश्न महत्त्वाचा.

मराठी गाण्यांचे टॅग कसे लावावेत?

आधी शुद्धलेखन एक ठरवा. आमच्या साठ्यात सुरुवातीला ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’ आणि इंग्रजी लिपीतलं एक असे चार वेगळे गायक होते. कॉम्प्युटरला ती एकच व्यक्ती आहे हे कळत नाही. आम्ही उपाध्या काढून टाकल्या. आदर कमी झाला नाही, आणि अकारविल्हे यादीत ‘पं.’ची रांगही लागली नाही.

‘कलाकार’ आणि ‘अल्बम कलाकार’ ही दोन वेगळी खणं आहेत. नाट्यगीतांच्या संग्रहात प्रत्येक पद वेगळ्या गायकाचं असतं. तिथे ‘कलाकार’मध्ये गायकाचं नाव आणि ‘अल्बम कलाकार’मध्ये सगळ्या पदांना एकच नाव, उदाहरणार्थ ‘विविध गायक’, लिहा. हे केलं नाही तर बारा पदांच्या एका कॅसेटचे बारा अल्बम होतात.

शास्त्रीय संगीतासाठी टॅगांमध्ये रागाचं खण नसतं. आम्ही गाण्याच्या नावातच राग आधी लिहितो: ‘मारवा, विलंबित एकताल’. त्यामुळे शोधात ‘मारवा’ टाकलं की घरातले सगळे मारवे एकाखाली एक येतात, आणि हा अनुभव फार सुखाचा आहे. काही जण राग ‘जॉनर’मध्ये, म्हणजे संगीतप्रकाराच्या खणात, घालतात. तेही चालतं, पण मग सगळीकडे तेच करा.

साधन म्हणून विंडोजवर एमपी३टॅग आणि सगळीकडे चालणारं म्युझिकब्रेन्झ पिकार्ड चांगलं. पिकार्ड सीडी आणि प्रसिद्ध अल्बम आपोआप ओळखतं. आमच्या जुन्या मराठी कॅसेटांपैकी मोजक्याच त्याला सापडल्या, बाकी सगळं हाताने भरलं. रोज एक कॅसेट असं ठरवलं तर कंटाळा येत नाही.

नावांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा विचित्र अक्षरं दिसतात.

दोन्हींत फरक आहे. डोक्यावर तिरकी रेघ असलेली इंग्रजी ‘ए’ ची रांगच्या रांग दिसत असेल तर मूळ देवनागरी आत शाबूत आहे, प्लेअर फक्त चुकीच्या संकेतात वाचतो आहे. योग्य संकेत निवडून टॅग पुन्हा लिहिला की नाव परत येतं. नुसती प्रश्नचिन्हं असतील तर अक्षरं गेली. ती पुन्हाच टाइप करावी लागतात.

एमपी३ला टॅग लिहिताना ‘आयडी३’ची दुसरी आवृत्ती, म्हणजे २.३ किंवा २.४ निवडा. पहिल्या आवृत्तीत युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीचा एकच संकेत, नाही आणि एका खणात जेमतेम ३० बाइट मावतात.

वर्डमध्ये ‘शिवाजी’ किंवा ‘कृतिदेव’ फॉन्टात टाइप केलेली कॅसेटांची जुनी यादी असेल तर ती टॅगमध्ये तशीच चिकटवू नका. ते फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेला देवनागरी मुखवटा असतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा.

एकच फाइल दोनदा दिसते, आणि ‘ऱ्या’ असलेली गाणी शोधात सापडत नाहीत.

हे शोधून काढायला मला फार दिवस लागले, म्हणून मुद्दाम लिहितो. मराठीतला नुक्तावाला ‘ऱ’, म्हणजे ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘कुऱ्हाड’मधला, कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. एकतर ते एकच अक्षर असतं, नाहीतर साधा ‘र’ आणि त्याखाली वेगळा नुक्ता. डोळ्यांना दोन्ही सारखेच. मॅकची जुनी डिस्क पद्धत फाइलींच्या नावात अक्षर फोडून ठेवते, विंडोज आणि लिनक्स टाइप केलं तसं ठेवतात. त्यामुळे मॅकवरून आलेली ‘वाऱ्यावर’ आणि लिनक्सवरची ‘वाऱ्यावर’ या दोन वेगळ्या फाइली ठरतात आणि दोन्ही प्रती राहतात. मॅकवरून आरसिंक या कॉपी करण्याच्या साधनाने फाइली हलवत असाल तर त्यात संकेत बदलणारा ‘आयकॉन्व्ह’ पर्याय याचसाठी आहे.

भरीला तिसराही प्रकार असतो. काही कीबोर्ड साधा ‘र’, हलन्त आणि मग न दिसणारा जोडणारा संकेत लिहितात. म्हणून घरात टॅग लिहिण्याचं काम एकाच कीबोर्डवर करावं. शोधताना अडलंच तर ‘ऱ्या’ टाळून शब्दाचा उरलेला तुकडा टाका.

विंडोजवरून लिनक्सवर कॉपी करताना ‘नाव फार लांब आहे’ असं येतं.

लिनक्सवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. मात्रा, अनुस्वार, हलन्त वेगवेगळे मोजले जातात. म्हणजे साधारण ८५ चिन्हं. गायक, राग, ताल, गाव, तारीख आणि साथीदार सगळं फाइलीच्या नावात लिहिलं की ती सहज ओलांडली जाते. तपशील टॅगांत लिहा, फाइलीचं नाव आखूड ठेवा. नावात प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम आणि तिरकी रेघही नको. विंडोजला ती चालत नाहीत.

एमपी३ ठेवावं की फ्लॅक?

सीडी किंवा कॅसेटवरून स्वतः उतरवत असाल तर फ्लॅक. त्यात मूळ आवाजातलं काही गळत नाही, आणि पुढे हवं तेव्हा त्यातून एमपी३ करता येतं. उलट दिशेने जाता येत नाही. एमपी३चं फ्लॅक केलं तर फाइल फुगते, आवाज तोच राहतो.

सीडीच्या दर्जाचा तासभराचा आवाज कच्च्या रूपात सुमारे ६३५ एमबी होतो, फ्लॅकमध्ये साधारण त्याच्या निम्मा, ३२० केबीपीएसच्या एमपी३त १४४ एमबी. एक टीबीच्या डिस्कवर फ्लॅकचे तीन हजार तास मावतात. घरच्या साठ्याला जागेची चिंता राहिलेली नाही.

वायफायवर गाणं तुटणार नाही ना?

फ्लॅकलासुद्धा सेकंदाला एक मेगाबिटच्या आसपास पुरतं. साधारण वायफाय याच्या कितीतरी पट वाहून नेतं. गाणं तुटत असेल तर बहुधा सिग्नल कमजोर असतो, किंवा झोपी गेलेली हार्ड डिस्क जागी व्हायला काही सेकंद घेते. गाण्यांचं मशीन राऊटरला वायरने जोडा. निम्मा प्रवास वायरवर झाला की उरलेला वायफायला सोपा जातो.

सगळ्या खोल्यांत एकदम एकच गाणं वाजवता येईल का?

येतं. लायरियन म्युझिक सर्व्हर किंवा स्नॅपकास्ट ही त्यासाठीची साधनं. नुसते वेगवेगळे ब्राउझर उघडून जमणार नाही, अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो आणि घरभर घुमतं.

माझ्या प्लेलिस्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालत नाहीत.

प्लेलिस्टची एम३यू फाइल म्हणजे पत्त्यांची यादी. तिच्यात ‘डी ड्राइव्हवरचा अमुक फोल्डर’ असं लिहिलं असेल तर ज्या कॉम्प्युटरला डी ड्राइव्हच नाही तो काय करणार? प्लेलिस्ट गाण्यांच्याच फोल्डरमध्ये ठेवा, पत्ते सापेक्ष, म्हणजे प्लेलिस्ट जिथे आहे तिथून पुढचे, करा, आणि देवनागरी नावांसाठी एम३यू८ हा प्रकार निवडा.

कुणी चुकून सगळं डिलीट केलं तर?

म्हणूनच बाकी सगळ्यांना फक्त वाचण्याची परवानगी. गाणी घालणं-काढणं एकाच खात्यातून.

पण डिस्कच गेली तर परवानगी कामाची नाही. आमची एक डिस्क गेली आहे. सकाळी टक-टक असा आवाज आला आणि संध्याकाळपर्यंत ती दिसेनाशी झाली. बाजारातली गाणी पुन्हा मिळाली. आतेभावाच्या मुंजीतलं मामांचं गाणं मिळालं नाही, त्याची दुसरी प्रत नव्हती. तेव्हापासून दुसरी डिस्क आहे, जी महिन्यातून एकदा जोडून प्रत घेतो आणि काढून कपाटात ठेवतो. तिसरी बहिणीच्या घरी, दुसऱ्या गावात. सिंकथिंगसारख्या प्रोग्रॅमने दोन मशीनांवरचे फोल्डर आपोआप सारखे ठेवणारी जुळवणी ही बॅकअपची जागा घेत नाही: एका बाजूला डिलीट केलं की ती दुसऱ्या बाजूलाही इमानाने डिलीट करते.

लाइट वारंवार जाते, काय करावं?

राऊटरला लागतो तसा छोटा यूपीएस गाण्यांच्या मशीनलाही लावा, किंवा दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. लिहीत असताना वीज गेली तर डिस्कवरची मांडणी बिघडू शकते. पायला पाच वॅटच लागतात, त्यामुळे छोटा यूपीएसही बराच वेळ टिकतो.

पुण्याबाहेर, किंवा अमेरिकेतल्या भावाला, हा साठा ऐकता येईल का?

राऊटरमध्ये पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून घरात येण्याची वाट, उघडून ठेवू नका. आपल्याकडच्या बऱ्याच कनेक्शनांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता नसतोच, त्यामुळे ते चालतही नाही, आणि चाललं तर सगळ्या जगाला दार उघडं राहतं. टेलस्केल वापरा. ते दोन्हीकडे बसवलं की भावाचा लॅपटॉप घरच्या नेटवर्कवर असल्यासारखा वागतो. नॅव्हिड्रोममध्ये त्याच्या खात्यासाठी गाणी वाटेत लहान करून पाठवायची सोय आहे, ती चालू करा. घरच्या कनेक्शनचा अपलोड वेग कमी असेल तरी मग अडत नाही.

हे कायद्यात बसतं का?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी आणि वैयक्तिक वापराला योग्य मर्यादेत मुभा देतं. विकत घेतलेली सीडी घरातल्या घरात ऐकणं वेगळं, आणि तीच गाणी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर वाटणं वेगळं. दुसरं करू नका. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, पण त्यातले शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात, त्यामुळे ‘जुनं आहे म्हणजे मोकळं’ असं धरून चालू नये. वर्गणीच्या सेवांवरून उतरवलेली गाणी त्या अ‍ॅपबाहेर वाजत नाहीत, ती या साठ्यात आणता येणार नाहीत.

आईवडिलांना हे जमेल का?

आमच्याकडे जमलं, पण मांडणी त्यांच्यासाठी करावी लागली. आईच्या लॅपटॉपवर डेस्कटॉपच्या मधोमध एकच शॉर्टकट आहे, नाव ‘गाणी’. लॉगिन कायम ठेवलं आहे. तिच्यासाठी चार प्लेलिस्ट केल्या आहेत: सकाळची, नाट्यगीतं, अभंग आणि आजी. शोधाच्या चौकटीत मराठी टाइप करायला तिला अवघड जायचं, म्हणून तिच्या फोनवरही अ‍ॅप बसवलं. तिथे ती बोलून शोधते. ब्राउझरची खिडकी बंद केली की गाणं थांबतं, लहान केली तर चालू राहतं, हे मात्र पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.